सिटीच्या डिकीवर स्पॉयलर, घरच्या घरी

९ एप्रिल २०२४, मंगळवार, पाडवा

गाडी धुतली, हार घातला, नारळ फोडला. पाडव्याला गाडीभोवती फिरून पत्रा बघायचा, ही आबांची शिस्त. दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, डिकीच्या आतली घडी, सगळीकडे बोट फिरवून बघतात. २०१० ची पांढरी होंडा सिटी, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. आबांनी निवृत्तीच्या पैशातून घेतली. कोल्हापूरचे चौदा पावसाळे काढले गाडीनं आणि आजही पत्र्यावर गंजाचा ठिपका नाही.

थोरल्याचं दोन वर्षं चाललंय, डिकीवर स्पॉयलर, म्हणजे टोकाला उभी कड देणारी पट्टी, बसवूया म्हणून. दहावीची परीक्षा संपली की बसवू, असा शब्द मी दिला होता. परीक्षा मार्चात संपली. आज पूजा आटोपल्यावर त्यानं आठवण करून दिली. आबा तिथंच खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "बसवा की. पण माझ्या पत्र्याला भोक पाडायचं न्हाई." विषय तिथंच थांबला.

काम बाहेर द्यायचं नाही, हे मात्र माझं ठरलंय. शिरोलीला फौंड्रीत मेंटेनन्सला असल्यामुळं ड्रिल, टॅप, पाना रोज हातात असतो. पण तिथलं लोखंड जाड. रंगवलेला पाऊण मिलिमीटरचा पत्रा त्याच हातानं धरून चालणार नाही.

१४ एप्रिल, रविवार

थोरल्याला आधी स्पॉयलर कशासाठी असतो ते समजावून सांगितलं. नावातच अर्थ आहे, तो वाऱ्याची घडी बिघडवतो. मागच्या काचेवरून आणि डिकीवरून हवा घसरत जाते तेव्हा वेगात गाडीची मागची बाजू वर उचलली जाते. डिकीच्या टोकाला उभी कड आली की हवेची ती घसरण तुटते आणि उचल कमी होते. १९६१ साली मोंझाला फेरारीच्या चाचण्या चालू असताना रिची गिंथर या ड्रायव्हरच्या वेळी हे ध्यानात आलं. पुढं १९७२ मध्ये पोर्शनं ९११ करेरा आरएसला बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर दिला, तो आजही लोक ओळखतात. ऑडी टीटीच्या पहिल्या गाड्या अतिवेगात मागून हलक्या होऊन अपघात झाले, तेव्हा विकलेल्या गाड्या परत बोलावून त्यांना मागं स्पॉयलर बसवून द्यावा लागला. म्हणजे हा नुसता दागिना नाही, हे खरं.

पण हवेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ४० ला जो जोर असतो, तो १०० ला सव्वासहा पट. राजारामपुरीच्या गल्ल्यांत आपण ४० सुद्धा गाठत नाही. हायवेला ९०-१०० ला गेलो तरी या गाडीला त्याची गरज पडेल असं नाही. हे मी त्याला सरळ सांगितलं. तो म्हणाला, "पप्पा, मला दिसायलाच पायजे." मला त्याचं उत्तर आवडलं. दिसायला हवाय तर दिसायला म्हणूनच बसवू, पण पक्का बसवू.

कायद्याचंही बघून घेतलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं नोंदणीच्या पुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. म्हणून बुटका, डिकीच्या रुंदीबाहेर न जाणारा, दिवे आणि नंबरप्लेट न झाकणाराच घ्यायचा. मोठा उंच पंखा आणायचा नाही. विम्याच्या एजंटालाही फोन करून सांगितलं. त्यानं पत्र द्यायला सांगितलं, ते दिलं.

माप घेतलं. डिकीची वरची कड ११८ सेंटिमीटर. शिंप्याचा टेप वापरला, कारण स्टीलचा टेप वळणावर उचलतो आणि रंगावर ओरखडे काढतो.

२७ एप्रिल, शनिवार

दिल्लीच्या करोल बागेतून पार्सल आलं. रंग न दिलेला, करड्या प्रायमरचा, मध्ये ब्रेकच्या दिव्याची लाल पट्टी. ३२०० रुपये. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवला, १ किलो ५८० ग्रॅम भरला. हा आकडा पुढं लागणार आहे.

एबीएस प्लॅस्टिक सांगून फायबर देतात, म्हणून आधी ती खात्री केली. आतल्या बाजूला, दिसणार नाही तिथं, कापसाच्या काडीनं ॲसिटोनचा थेंब लावला. जागा लगेच चिकट झाली आणि बोटाला तार आली. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं, फायबरवर असं होत नाही. माल बरोबर आहे.

सोबत सहा एमएमचे चार बोल्ट, कागदासारखे पातळ वायसर, भोकांचा कागदी नमुना आणि एक बिननावाचा डबल टेप. टेप आणि वायसर बाजूला टाकले. जी वस्तू पावसात आपल्या मागच्या गाडीवाल्यावर उडू शकते, तिच्यासाठी फुकटचा टेप वापरायचा नाही.

२८ एप्रिल, रविवार

डिकीवर जुनी धोतराची घडी पसरून स्पॉयलर नुसता ठेवून बघितला. उजवी बाजू छान टेकली. डावं टोक ४ मिलिमीटर वर. गेज सरकवून तीन वेळा मोजलं, चारच. तुकड्याला पीळ बसलाय. साच्यातून गरम काढल्यावर नीट न ठेवल्यानं किंवा पार्सलमध्ये दबून, काहीही असेल.

थोरला म्हणाला, बोल्टनं ओढून घेऊ. मी नाही म्हणालो. ओढून बसवलेलं प्लॅस्टिक कायम परत उठायला बघतं. तो ताण रोज टेपवर आणि पत्र्यावर राहतो, आणि उन्हाळ्यात टेप मऊ झाला की टोक उचलतं. वस्तू आधी मोकळी असतानाच सरळ झाली पाहिजे. हेअर ड्रायरनं डाव्या टोकापासून दीड वीत भाग हळूहळू तापवला, तळवा जेमतेम ठेवता येईल इतपतच. मग उलट्या दिशेनं पीळ देऊन वाळूच्या दोन पिशव्या ठेवल्या आणि गार होऊ दिला. असं चार वेळा. संध्याकाळी दीड मिलिमीटर उरला. तेवढा २ मिलिमीटर जाडीचा टेप भरून काढतो. त्यापुढं खेचलं नाही.

दुसरी गोष्ट, कागदी नमुना आणि प्रत्यक्ष स्पॉयलर जुळत नाहीत. बाहेरच्या दोन भोकांमध्ये ३ मिलिमीटरचा फरक. नमुन्यावर भरवसा ठेवून भोकं पाडली असती तर चार नाही, सहा झाली असती. फौंड्रीत आम्ही जे करतो तेच इथं करणार. सहा एमएमचे चार बोल्ट घेऊन डोकी कापायची, टोक ग्राइंडरवर भाल्यासारखं काढायचं आणि स्पॉयलरच्या पितळी नटात उलटे पिरगाळायचे. मग पूर्ण तुकडा जागेवर धरून दाबला की पत्र्यावरच्या टेपवर चार टोचे आपोआप उमटतात.

आता राहिला आबांचा प्रश्न. नुसत्या टेपवर दीड किलोचा स्पॉयलर राहतो, चांगला टेप तेवढं वजन आरामात धरतो. पण टेप धरतो रंगाला, आणि चौदा वर्षांचा रंग पत्र्याला किती धरून आहे ते कोण सांगणार? शिवाय दिव्याची तार आत घ्यायची तर एक भोक आहेच. मी तोंडी वाद घातला नाही. कामावरून भंगारातला त्याच जाडीचा रंगीत पत्रा आणला आणि दोन भोकं पाडली. एक तसंच सोडलं. दुसऱ्याची कड कानशीनं साफ करून दोन हात एपॉक्सी प्रायमर, वर रंग, मग रबरी वायसर आणि सिलंट लावून बोल्ट. दोन्ही तुकडे मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकले. बादली आबांच्या खुर्चीशेजारी.

३० एप्रिल, मंगळवार

स्पॉयलर उद्यमनगरात पेंटर मेस्त्रींकडं दिला. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर रंगाचा नंबर असतो. आपला टॅफेटा व्हाइट, एनएच-५७८. मेस्त्रींनी नंबर लिहून घेतला, पण गाडीही बघायला मागितली. म्हणाले, "नंबरचा रंग नव्या गाडीचा. तुमचा पांढरा आता जरा तुपावर आलाय." बरोबर आहे. त्यांनी डिकीच्या एका कोपऱ्यावर रबिंग मारून खालचा खरा रंग काढला आणि त्याच्याशी जुळवून पिवळ्याचा थेंब टाकला. आतून-बाहेरून रंगवा, असं सांगून आलो. आतली बाजू कुणी बघत नाही, पण पाणी तिकडूनच चढतं.

४ मे, शनिवार

बादलीतले तुकडे बाहेर काढले. पहिल्या भोकाभोवती एक बोट रुंदीचा तांबडा डाग. रंगाखाली गंज शिरून फोड आला होता, नखानं दाबल्यावर पापुद्रा सुटला. दुसऱ्याचा बोल्ट खोलला. कड करडी, कोरडी, जशी लावली होती तशी.

आबांनी दोन्ही तुकडे चष्मा काढून, डोळ्यांजवळ धरून बघितले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाड भोकं. पण प्रायमरचा ब्रश मी मारणार."

संध्याकाळी स्पॉयलर आणला. रंगाचे १५०० झाले. उन्हात गाडीशेजारी धरला, फरक दिसत नाही. मेस्त्रींनी बारीक खड्डे लांबीनं (पुट्टीनं) भरून ८०० नंबरच्या पाणी पेपरनं घासलेत. बोट फिरवलं तर एकही लाट लागत नाही.

७ मे, मंगळवार, लोकसभेचं मतदान

सुट्टी. सकाळी सातलाच तिघंजण, आबा, ही आणि मी, शाळेत जाऊन मतदान करून आलो. परत येऊन चहा आणि कामाला सुरुवात. साडेअकराच्या आत पत्र्याचं काम आटपायचं होतं, नंतर पत्र्याला हात लावता येत नाही.

डिकीच्या आतली गादी काढली. प्लॅस्टिकच्या क्लिपा आहेत, मधली टाचणी वर उचलली की सुटतात. त्यातल्या दोन वयानं तुटल्या, नव्या आणायच्या. गादी निघाल्यावर आतला पत्रा दिसतो, त्याला कारखान्यातूनच मोठ्या खिडक्या आहेत. त्यातून हात घालून वरच्या पत्र्याची उलटी बाजू सापडते. आपले चारही बोल्ट याच खिडक्यांतून आत बसणार, म्हणून प्रत्येक जागेखाली पाना फिरेल का ते आधी हातानं चाचपलं. डावीकडच्या आतल्या बोल्टला जागा अरुंद आहे, एक्स्टेंशन लागणार.

डिकीवर मास्किंग टेपच्या दोन थरांची पट्टी मारली. मध्य काढायला लोगोवर विसंबलो नाही. दोन्ही मागच्या दिव्यांच्या आतल्या कडांपासून शिंप्याच्या टेपनं मोजून मध्य काढला, तो लोगोच्या मध्यापासून दीड मिलिमीटर उजवीकडं आला. नजर दिव्यांवरून स्पॉयलर बघते, त्यामुळं दिव्यांचाच मध्य धरला. थोरल्यानं एक टोक, मी दुसरं धरलं, खुणेवर आणला आणि एकदाच सरळ खाली दाबला. उचलल्यावर टेपवर सुईनं टोचल्यासारखे चार ठिपके. आबांनी पट्टी लावून दोन्ही बाजू कडेपासून मोजल्या आणि "हां" म्हणाले.

पंचला हलकाच ठोका दिला. जोरात मारला तर एवढा पातळ पत्रा खळगा धरतो. आधी ३ एमएमचा बिट, मग स्टेप ड्रिल. पातळ पत्र्याला साधा मोठा बिट लावला तर तो शेवटच्या क्षणी दात धरतो आणि भोक तिकोनी होतं. स्टेप ड्रिल एक-एक पायरी उतरत गोल कापतो. बिटाला टेपचा कॉलर गुंडाळला होता, आत घुसून खालच्या पत्र्याला लागू नये म्हणून. टोकाला ग्रीस, किसाचे कण त्याला चिकटून राहतात.

पहिली दोन भोकं जशी हवीत तशी झाली. तिसऱ्याला मी घाई केली. वेग कमी करायच्या आधीच बिट पलीकडं गेला, पत्रा कडेला उचलला आणि मास्किंग टेप असूनही ३ मिलिमीटरचा रंगाचा टवका उडाला. पोटात गोळा आला. आबा काही बोलले नाहीत, फक्त ड्रिलवरचा माझा हात बाजूला केला आणि त्यांची गोल कानस पुढं केली. ही कानस त्यांच्या कामावरची, मूठ त्यांनीच बाभळीची बसवलेली. उचललेली कड कानशीनं बसवली, टवक्याची किनार ८०० च्या पेपरनं उतरती केली. ती जागा स्पॉयलरच्या पोटाखाली जाते, पण म्हणून तशी सोडायची नाही. चौथं भोक पाडताना ड्रिल अगदी सावकाश चालवला. मधोमध तारेसाठी १० मिलिमीटरचं पाचवं.

मग किस. माझ्या मते या कामातला सगळ्यात दुर्लक्षित भाग हा. दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत पडलेला लोखंडी किस पहिल्या पावसात गंजतो आणि तांबडं पाणी खाली गळायला लागतं. चुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिडक्यांतून पोकळीभर फिरवला. पिशवी बाहेर काढून उलटी केली की किस आपोआप सुटतो. पाच वेळा फिरवल्यावर पिशवी स्वच्छ निघाली. वर व्हॅक्यूम मारला.

आबांनी प्रायमर लावला. लहान ब्रश, एका हातात बॅटरी. आधी भोकाच्या जाडीवर, मग वरून, मग खिडकीतून हात घालून आतून. वय ७८, हात थरथरतो, पण ब्रश भोकाच्या कडेला टेकवल्यावर थरथर थांबते, हे मी आज बघितलं. पाच भोकांना पाऊण तास लागला. दुसरा हात संध्याकाळी. डिकी रात्रभर थोडी उघडी, वर चादर.

डाव्या तर्जनीला मतदानाची शाई आणि उजव्या हाताला करडा प्रायमर, दोन्ही आज धुऊन जायचे नाहीत.

१२ मे, रविवार

बसवणी. मधल्या दिवसांत प्रायमरवर पांढऱ्या टचअपचे दोन हात झाले होते.

सकाळी साडेसहाला सुरू केलं, कारण मेच्या उन्हात पत्रा तापला की टेप टेकवताक्षणी पकडतो, सरकवायला वेळच देत नाही. व्हीएचबी टेपला (पक्का धरणारा डबल टेप) बनवणारेच साधारण २१ ते ३८ अंश सांगतात. सकाळचा पत्रा हाताला कोमट लागत होता, ते बरोबर.

स्वच्छता दोनदा. आधी शांपूच्या पाण्यानं मेण आणि पॉलिश काढलं, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून, दर वेळी नवा कपडा घेऊन, एकाच दिशेनं पुसलं. गोल फिरवलं की घाण तिथल्या तिथं फिरते. त्यानंतर तिथं बोट लावायचं नाही, थोरल्याला दोनदा सांगितलं.

टेप स्पॉयलरच्या कडेनं अर्धा इंच रुंदीचा, कोपऱ्यांत तोडून न जोडता वळवून. खालच्या कडेला मात्र दोन ठिकाणी बोटभर जागा मोकळी ठेवली. कितीही बंद केलं तरी ओल आत जाते, तिला बाहेर पडायला वाट हवी. टेपवरचा लाल कागद पूर्ण काढला नाही, टोकं तेवढी सोलून बाहेर वळवून ठेवली. चार भोकांभोवती पीयू (पॉलियुरेथेन) सिलंटचं कडं घातलं, त्यावर रबरी वायसर. मग बोल्टांची टोकं भोकांत सोडून तुकडा हळूच टेकवला, मध्य बघितला, आणि दोन्ही बाजूंनी लाल कागद एकदम ओढून घेतला. ही युक्ती नसती तर पहिल्याच स्पर्शाला वाकडा बसला असता आणि मग उचलणं नाही.

दाबायला फौंड्रीतला लहान रबरी रोलर आणला होता. पूर्ण कडेनं तीन फेऱ्या. टेपला वजनापेक्षा दाब महत्त्वाचा, जिथं दाब पडतो तिथंच तो पसरून रंगाला धरतो. मग आतून बोल्ट. १० नंबरचा पाना, फक्त दोन बोटांनी, रबर थोडं फुगलं की थांबायचं. पितळी नट प्लॅस्टिकमध्ये बसवलेले असतात, जोर केला की ते जागेवर फिरतात आणि मग बोल्ट ना आवळता येत ना काढता येत. डावीकडच्या आतल्या बोल्टला सव्वा तास गेला. हात खिडकीत कोपरापर्यंत, दिसत काही नाही, फक्त वायसर बोटाला लागतो की नाही एवढ्यावर.

डावं टोक आता टेकलंय. पुन्हा गेज लावला, कुठंच शिरत नाही.

पूर्ण पकडीला ७२ तास लागतात. तोवर धुणं नाही, हायवे नाही, डिकी शक्यतो उघडायची नाही.

१५ मे, बुधवार

७२ तास झाले. चारी टोकं ओढून बघितली. गाडी हलते, स्पॉयलर हलत नाही.

१९ मे, रविवार

दिव्याचं काम. ब्रेकची तार रंगावरून ओळखायची नाही, मीटरनंच शोधायची. थोरल्याला ब्रेकवर बसवलं, मी मागच्या दिव्याच्या सॉकेटला मीटर लावला. "दाब, सोड, दाब." ब्रेकला १२ व्होल्ट येणारी आणि सोडल्यावर शून्य होणारी तीच. हेडलाइट लावून पुन्हा बघितलं, नाहीतर पार्किंगच्या दिव्याची तार धरली जाते.

ब्रेकचा मूळ बल्ब २१ वॉटचा, म्हणजे पावणेदोन अँपिअर खातो. आपली एलईडी पट्टी माझ्या मीटरवर ०.१४ अँपिअर दाखवते. मूळ वायरिंगवर ओझं काहीच नाही, वेगळा रिले लागत नाही.

बाजारात तारेला चिमटा मारून जोड देणाऱ्या निळ्या क्लिपा मिळतात. त्या वापरल्या नाहीत. त्या तारेचे काही तंतू कापतात आणि ओल धरली की दोन वर्षांत हिरव्या पडतात. तारेचं कव्हर एक सेंटिमीटर सोललं, नवी तार गुंडाळून सोल्डर केली, वर हीट श्रिंक, त्यावर कापडी टेप. अर्थिंगची तार बिजागरीजवळच्या मूळ बोल्टला. तार डिकीतून गाडीत जाते तिथं जुनी रबरी नळी आहे. त्यातूनच नवी तार ओढली, सायकलच्या ब्रेकची केबल आत घालून आधी वाट केली. अर्धा तास त्यातच गेला, पण बाहेरून टेपनं बांधलेली तार डिकीच्या प्रत्येक उघडझापीला घासत राहिली असती.

पट्टी लागली. थोरला मागं जाऊन उभा राहिला आणि मलाच ब्रेक दाबायला लावला, बऱ्याच वेळा.

दुपारी पाण्याची परीक्षा. डिकीत वर्तमानपत्रं अंथरली आणि वरून पाइपनं वीस मिनिटं पाणी. चारी बोल्ट कोरडे. मधल्या तारेच्या भोकाखाली कागदावर रुपयाएवढा ओला डाग. ग्रोमेट (भोकातली रबरी कडी) घट्ट होता, सिलंट होतं, तरी. पाणी भोकातून नाही, तारेवरून येत होतं. स्पॉयलरच्या पोटातून तार सरळ खाली उतरत होती, तिच्या अंगावरून थेंब चालत भोकापर्यंत यायचा. पट्टी काढून स्पॉयलरच्या आत तार आधी भोकाच्या पातळीखाली झोळ देऊन नेली आणि मग वर वळवून भोकात घातली. आता थेंब झोळाच्या तळाशी सुटतो आणि मोकळ्या ठेवलेल्या वाटेनं बाहेर पडतो. पुन्हा वीस मिनिटं पाणी, कागद कोरडा.

२६ मे, रविवार

हिनं काल भाजी ठेवायला डिकी उघडली, तर झाकण अर्ध्यातून खाली आलं आणि खांद्याला लागलं. वजनाचा आकडा लागणार म्हणून लिहिला होता तो हाच. दीड किलो फार नाही, पण तो बिजागरीपासून सगळ्यात लांब, डिकीच्या टोकावर बसलाय. हॅचबॅकच्या छपरावरचा स्पॉयलर बिजागरीला लागून असतो, त्याचं ओझं जाणवत नाही. सेडानला मात्र तरफेच्या टोकावर वजन टांगल्यासारखं होतं. हे मी बसवण्याआधी बघायला हवं होतं.

सिटीच्या डिकीला गॅसच्या नळ्या नाहीत, आडव्या पिळाच्या दोन सळ्या आहेत. त्यांचं एक टोक खाचांत अडकवलेलं असतं, पुढच्या खाचेत घेतलं की पीळ वाढतो आणि झाकण हलकं होतं. सळी ताणलेली असते, सुटली तर मनगट मोडेल. ओळखीच्या मेस्त्रींकडं त्यांची लांब तरफ आहे, हे काम त्यांच्याकडूनच करून घेतलं. दोघं होते, एकानं झाकण धरलं, दुसऱ्यानं सळी. दहा मिनिटं. आता कुठंही सोडलं तर झाकण वर जातं आणि वरच थांबतं.

उद्या दहावीचा निकाल. घरात आज कुणाचंच लक्ष जागेवर नाही.

२ जून, रविवार

निपाणीपर्यंत जाऊन आलो. ९० ला शीळ नाही, थरथर नाही, मागच्या काचेतून स्पॉयलरची फक्त वरची कड दिसते, मागची वाहनं झाकत नाहीत. गाडी चालवताना फरक कळला असं मी म्हणणार नाही. निकाल चांगला लागलाय, त्यामुळं येताना थोरला सगळ्या पेट्रोल पंपांवर उतरून गाडीच्या मागं उभा राहत होता.

२८ जुलै, रविवार

आठवडाभर पाऊस थांबलेला नाही. पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, पुराच्या बाजूचे नातेवाईक आपल्याकडं आलेत. गाडी गेटबाहेर उघड्यावर उभी आहे, कारण आत त्यांच्या दोन मोटारसायकली लावल्यात.

दुपारी तासभर उघाड मिळाली तेव्हा आबा छत्री घेऊन बाहेर आले आणि डिकी उघडायला सांगितली. मे महिन्यात अंथरलेले कागद तसेच होते, खडखडीत. गादी सोडवली. एकेका खिडकीतून बॅटरी मारून पाचही भोकं बघितली. करडा प्रायमर, वर पांढरा रंग, कुठं तांबूस छटा नाही. तिसऱ्या भोकाजवळ ते जास्त वेळ थांबले. बोट फिरवलं, बोट बघितलं, लेंग्याला पुसलं.

डावीकडच्या आतल्या बोल्टच्या डोक्यावर मे महिन्यात पाना घसरून ओरखडा पडला होता, तिथं गंजाची पहिली टिकली आली होती. आबांनी थोरल्याला ब्रश आणायला पाठवलं. तो आणून द्यायला लागला तर म्हणाले, "मी बॅटरी धरतो. तू मार."